देवीच्या नावाची मूठ

१० जुलै, गुरुपौर्णिमा

चि. हितू,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिलेत असं समज. कागद थोडा आहे आणि बोलायचं पुष्कळ आहे.

मोबाइलवर तुला काही पाठवलं की दोन खुणा निळ्या होतात आणि तू गप्प. त्या खुणांचा मला राग नाही, निदान वाचलंस एवढं कळतं. पण उत्तराची वाट बघत फोन हातात घेऊन बसायची सवय लागली. तुझी वहिनी कोकिळा म्हणते, "वखारीत केळी पिकली की नाही ते बघा, फोनमध्ये काय पिकणार आहे?" म्हणून कागदावर लिहितो आहे. कागदाला निळी खूण नसते. एकदा पेटीत टाकला की माणूस मोकळा.

सुलक्षणानं परवा तुझं भाषण दाखवलं. ती आता जळगावला एम.एस्सी.ला आहे, तुझाच विषय घेतला आहे. तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. भाषण इंग्रजीत होतं. ती थांबवून थांबवून मला सांगत होती. तू बोटात धरलेली ती पातळ, फुग्याच्या कातडीसारखी पट्टी दाखवलीस, तिच्यावर उजेड पाडलास आणि तिच्यातून रंगाची बारीक सरळ रेघ निघाली. मग पट्टी हलकेच ताणलीस तशी पिवळी रेघ नारिंगी झाली, नारिंगीची लाल झाली. सैल सोडलीस, पुन्हा पिवळी. समोरचे गोरे लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी हसलो नाही. लहानपणी तुझंही असंच होतं. ताणलं की लाल.

सुलक्षणा म्हणाली, "पप्पा, लेझर म्हटलं की लोकांना लोखंडी नळकांडं वाटतं. काकांचा लेझर रंगाच्या रेणूंचा आहे. एकाच रंगद्रव्यात पुष्कळ रंग असतात. पट्टीखाली बारीक नांगरटीसारख्या रेघा असतात, त्या जो रंग परत फिरवतात तोच वाढत जातो." मी तिला विचारलं, "म्हणजे ज्याला परत बोलावलं जातं, तोच मोठा होतो?" ती म्हणाली, "तसंच काहीतरी." हे मला दिवसभर पुरलं.

पण मी पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच वाक्यासाठी. तू पडद्यावर निळ्या उजेडानं चमकणाऱ्या पिकलेल्या केळ्याचं चित्र दाखवलंस आणि म्हणालास, 'माझ्या घरी ही केळी पिकतात.' सुलक्षणाला मी ते तीनदा परत लावायला लावलं. 'पिकायची' असं नाही म्हणालास. 'पिकतात' म्हणालास.

आता खालचं डिंपलला वाचून दाखव. तिला हे नीट कुणी सांगितलंच नाही, एकदम ताटावरच बसवलं.

सूनबाई, आपल्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी भाऊबंदकीतला सर्वांत मोठा माणूस सुपात गहू आणि चण्याची डाळ धरतो. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ. त्या धान्याच्या पोळ्या म्हणजे रोट. ते घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, कणभर उरवायचं नाही. तुझा नवरा दहा वर्षांचा असताना वाण्याकडचा तराजू उचलून आणून सगळ्यांच्या मुठी मोजत बसला होता. झिपरू आबांची, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांची, मूठ सर्वांत जड भरली आणि आमच्या वडिलांची, नानांची, सर्वांत हलकी, तर अंगणात ओरडत फिरला, "आबांनी धरली तर बरोबर, नाना धरतील तर आपण फसलो!" आबा काठी घेऊन मागे धावले, पण हसत. तेव्हापासून त्याला मापाडी म्हणायचे. पोळीही सरळ खायचा नाही. मधूनच तोडायचा आणि कड ताटात तशीच गोल ठेवायचा. आमची माय ओरडायची, "कड काय सासरी पाठवायची आहे?"

हितू, आता तुला लिहितो. ज्या रविवारी आबांनी डिंपलला "बाई, तू बाहेर बस" म्हटलं, तेव्हा मी मांडवात केळीचे खांब बांधत होतो. आत आलो तोवर तू ताट सारून उठला होतास. जाताना "माझी मूठ धरू नका" म्हणालास आणि आबांनी ते शब्दाला शब्द धरलं. मी स्टँडवर आलो तेव्हा धुळ्याची गाडी सुटली होती. कोकिळा अजून म्हणते, "गोरी आणली असती तर कानबाईशेजारी बसवून फोटो काढले असते. धुळ्याची आणली, जात दुसरी निघाली, म्हणून ओट्यावर."

आपल्यातला नेम तुला ठाऊक आहे. पाच वर्षं एखाद्याची मूठ पडली नाही की त्याचा रोट वेगळा झाला असं धरतात. मग त्याची कानबाई वेगळी, सुखदुःखाची पंगत वेगळी, पुढच्या पिढीला परत येता येत नाही. यंदाचा रविवार पाचवा आहे. आबांना मी विचारलं तर म्हणाले, त्यानं स्वतः हो म्हटलं पाहिजे.

एक शब्द पाठव. फोनवर पाठवलास तरी चालेल.

तुझा भाऊ,
प्रेमराज


२० जुलै

चि. हितू,

पहिलं पत्र पोचलं असेल-नसेल. स्पीड पोस्टवाला म्हणाला, पंधरा दिवस धरा.

वखारीत एक गंमत झाली ती सांगतो. सुलक्षणा रविवारची घरी आली होती. तिनं नोटा तपासायची बॅटरी आणली होती, जिचा उजेड जांभळट दिसतो. म्हणाली, "चला, काकांचं केळं बघू." भर दुपारी आम्ही वखारीचं दार लावून घेतलं आणि दिवे मालवले. आत गारवा, मशीनचा आवाज, पिकलेल्या केळ्यांचा वास. तिनं बॅटरी लावली.

हितू, मी तीस वर्षं केळी पिकवतो. मला वाटायचं, केळ्याचे सगळे रंग मी पाहिलेत. कच्च्या घडावर उजेड पडला तर काहीच नाही, मुका काळोख. पिकलेल्या फण्यांवर पडला आणि त्या निळ्या झाल्या. देवघरात समईच्या ज्योतीच्या बुडाशी जसा निळा असतो तसा निळा. जिथे काळा ठिपका पडायला लागला होता त्याच्या भोवती तर निळं कडंच उमटलं होतं. सुलक्षणा म्हणाली, पान असो की साल, हिरवेपणा मोडताना जे उरतं ते असं उजळतं. मी आता पन्नाशीला टेकलोय. मला हे ऐकून बरं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. झिपरू आबा फणी न्यायला आले होते. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत आत आले आणि उभेच राहिले.

"हाई काय शे रे? भूतबाधा?"

"केळी आहेत आबा," सुलक्षणा म्हणाली.

"आनि मना धोतरले काय हुयनं?"

त्यांचं धोतर नुकतं धुतलेलं. त्या उजेडात ते असं पांढरं पेटलं होतं की ट्यूबलाइट नेसल्यासारखे दिसत होते. सुलक्षणा हसून बेजार. "धुण्याच्या पावडरीत पण उजेड देणारा रंग असतो आबा. तुमचे दातसुद्धा चमकताहेत!"

"जितला शेतस तितला चमकू दे," आबा म्हणाले आणि मुद्दाम तोंड उघडून दाखवलं. त्यांना इतकं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

मग ती म्हणाली, "हे सगळं काका शिकतात. त्याचंच यंत्र करतात."

"कोणता काका?"

तिला एकच काका आहे हे आबांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? मग आबा फणी काखेत घेऊन वळले आणि दाराशी जाऊन म्हणाले, "तो मापाडी? त्याले उजेड मोजता येस का?"

तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव नव्हतं आलं. हे नावसुद्धा नव्हतं म्हणा, पण तूच होतास.

संध्याकाळी चहा पिताना मी सुलक्षणाला विचारलं, तुझ्या कामातली अडचण काय आहे? भाषणाच्या शेवटी तू काहीतरी चिंतेनं सांगत होतास, चेहऱ्यावरून कळत होतं. ती म्हणाली, "पट्टीवर बाहेरून उजेड पाडला तर लेझर निघतो, ते जमलंय. पण तारा जोडून थेट विजेवर चालवायचं अवघड आहे. वीज घातली की चार रेणूंतला एकच लगेच उजेड देतो. तीन अडून बसतात."

"रुसतात?"

"रुसतात म्हणा. आणि नुसते बसत नाहीत, शेजाऱ्यानं दिलेला उजेडही खातात. म्हणून काका वीज थोडी थोडी देतात, मध्ये विसावा देतात. आणि रंगात दुसऱ्या जातीचा एक रेणू मिसळतात. तो स्वतः काही उजेड देत नाही. रुसलेल्याचं ओझं तेवढं काढून घेतो, मग तो रेणू पुन्हा कामाला लागतो. आता त्यांची पट्टी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते म्हणे. पुढे कधीतरी ती मनगटावर बांधून रक्ताची तपासणी करता येईल."

मी पेला खाली ठेवला. आपल्या घरात माय होती तोवर तो दुसरा रेणू होता. नाना आणि आबा बोलत नसत तेव्हा ती दोन्हीकडे ताक घेऊन जायची आणि कुणाची बाजू घ्यायची नाही. तिचा स्वतःचा असा उजेड कुणाला दिसला नाही.

मला उजेडबिजेड काही देता येणार नाही. ओझं काढून घ्यायचं असलं तर सांग.

तुझा भाऊ


३० जुलै

चि. हितू,

काल नागपंचमी झाली. तुझा शब्द आला नाही.

डिंपलची मात्र एक ओळ आली सुलक्षणाच्या फोनवर. "पत्र मिळालं. ते रोज वाचतात, बोलत काही नाहीत." मी कोकिळेला वाचून दाखवली. ती म्हणाली, "रोज वाचतो ना? मग पाठ होऊ द्या." तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

सकाळी मारुतीला तेल घालून आबांकडे गेलो. म्हटलं, आबा, नेम मोडायचा नाही, पण एक वर्ष वाढवून द्या. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "नेम मना नही. वाढाडाना मले काय हक शे?" मी म्हटलं, तो परदेशात आहे, कामाच्या ओढीत आहे. ते म्हणाले, "परदेशमा जीभ नही नेली का त्यानी?"

मला राग आला हे तुला लिहितो. देवाच्या वाटेवरून येऊन राग यावा हे बरं नाही. राग त्यांचा आला की तुझा, हे मात्र ठरवता येईना. दोघे एका साच्याचे आहात. फक्त तुला दात जास्त.

मी उठलो तेव्हा त्यांनी काठीनं अडवलं. म्हणाले, यंदा मूठ तू धर. माझ्या हाताला कंप आहे, दाणे सांडतात, देवीचं सांडू नये. मग त्यांनी सगळ्यांची नावं क्रमानं म्हणून दाखवली, थोरल्या घरापासून धाकट्या घरापर्यंत. तुझं नाव नव्हतं. ज्ञानेश्वरच्या नव्या बाळाचं होतं. आणि सगळी नावं संपल्यावर म्हणाले, "बठ्ठा नाव हुयनात की एक मूठ बिननावनी. देवीनी."

मी घरी येताना विचार करत राहिलो. नाना असताना मी कितीदा सुपाशेजारी बसलोय. देवीची मूठ मला आठवत नाही. कोकिळेला विचारलं. तीही म्हणाली, "आधी नव्हती. अलीकडंच सुरू झाली." दोघांनाही वाटलं, म्हातारपणी माणसाची भक्ती वाढते, तसं असेल.

शनिवारी मूठ धरायची. माझ्या हातानं तुझं नाव वगळायचं, म्हणजे तुझा रोट मीच वेगळा करायचा. मी देवीपुढे बसलो आणि काही मागितलं नाही, नुसता बसलो.

अजून शुक्रवार आहे.

भाऊ


४ ऑगस्ट, सोमवार

चि. हितू,

आत्ताच कानबाईला नदीवर पोचवून आलो. पाय ओले आहेत, तसाच लिहायला बसलो.

शनिवारी सकाळी सगळे आबांच्या ओसरीवर जमलो. शुक्रवारही गेला होता, तुझ्याकडून काही नव्हतं. सूप पुढं, बाया एका बाजूला, आबा खुर्चीत. मी हात धुऊन बसलो. एकेक नाव घेत गेलो. थोरल्या घरचे मगन, ज्ञानेश्वर, त्याचं बाळ, मग माझं स्वतःचं. माझ्यानंतर तुझी जागा. तिथं मी थांबलो नाही, पुढं गेलो. काय वाटलं ते लिहीत नाही.

नावं संपली. शेवटची बिननावाची मूठ उरली. मी हात गव्हात घातला आणि हात वर येईना.

"थांबना कसाले?" आबा म्हणाले.

"आबा, ही कोणाची?"

"सांगं ना तुले. देवीनी."

मागून कोकिळा म्हणाली, "आबा, देवीला ही भूक कधीपासून लागली? सासूबाई असताना तर नव्हती."

बाया हसल्या. आबा हसले नाहीत. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "तो गया तवयपासून."

मला कळायला एक क्षण लागला. तू उठून गेलास त्याच्या पुढच्या वर्षापासून हा म्हातारा सर्वांदेखत तुझं नाव गाळतो आणि सर्वांदेखत तुझी मूठ धरतो. कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. हितू, तुझी मूठ एकही वर्ष चुकलेली नाही. नेमानं मोजायचं तर तू एक दिवसही वेगळा नाहीस.

मगन म्हणाला, "मग नाव का घेत नव्हते आबा?"

"त्यानी सांगेल व्हतं नको ल्या. माणूसना शब्द ठेवना पडस." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आते तू धरी राह्यना. तुले त्यानी कुठे सांगेल शे?"

सांगितलं तर तू सगळ्यांनाच होतंस. पण मी वाद घातला नाही. मी मोठ्यानं नाव घेतलं, हितेंद्र. हात वर आला.

"सव्वा धर बरं," आबा म्हणाले. "तो मोजस."

आता दुसरी गोष्ट. रोट झाले, रविवारी देवी बसली, ताटं मांडली, तेव्हा मी आबांना विचारलं, तुझ्या वाटणीचं काय? ते म्हणाले, इथलं अन्न तिथं कसं जाणार? "तिले सांग, तिना हातनं कर."

तिला, डिंपलला. घरच्या बाईशिवाय रोटाला दुसऱ्या कुणी हात लावत नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. 'बाहेर बस' म्हणाल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलतील असं मला वाटत नाही. ऐंशीच्या पुढचा माणूस आहे, हिरवेपणा मोडायला वेळ लागतो.

कोकिळा म्हणाली, "पण तिथं मूठ कोणाची धरायची? त्याची धरली तर तोच म्हणेल मी फसलो."

तेव्हा आबांनी सुलक्षणाला कागद मागितला. गव्हाची मूठ वळून त्या कागदावर ठेवली आणि म्हणाले, "कोर." तिनं पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. हात कापत होता म्हणून रेघ दोन ठिकाणी हलली आहे. टपालानं ते चित्र पौर्णिमेच्या आत पोचणार नाही, म्हणून तिनं त्याचा फोटो डिंपलला पाठवला, खाली मोजपट्टी ठेवून, म्हणजे मापाड्याला माप कळावं. मूळ कागद या पाकिटात घातला आहे. जपून ठेव. या पत्राचाही फोटो ती आजच डिंपलला पाठवील.

गहू तिथलाच घ्या. पहिली पोळी तव्यावर टाकताना डिंपलनं देवीचं नाव घ्यावं, घ्यावंसं वाटलं तर.

तुला नको असेल तर नको. तू नको म्हणालास तरी मी नाव घेतलं आहे, ते काही परत सुपात घालता येत नाही.

भाऊ


९ ऑगस्ट, पौर्णिमा

चि. हितू,

आज सकाळी डिंपलनं फोटो पाठवला. लिहिलं काहीच नव्हतं.

तुमच्या ओट्यावर पोळपाट, त्यावर पीठ सांडलेलं. बाजूला मोबाइल उभा केलेला, त्यात आबांच्या मुठीचं चित्र दिसतंय, आणि त्याच्यापुढं तुझा वजनकाटा, प्रयोगशाळेतला असावा. म्हणजे तू मोजलंसच. आबांना दाखवलं. त्यांनी फोन ऑपरेशन झालेल्या डोळ्यापाशी नेला आणि म्हणाले, "जमनं." मग बराच वेळ फोन परतच देईनात.

मी मात्र फोटोतल्या कोपऱ्याकडं बघत होतो. एक ताट आहे. ताटात पोळी नाही. तिची कड आहे, गोल, अख्खी. मधलं कुणीतरी तोडून खाल्लं आहे.

सूनबाईंचा मान राखून सांगतो, पोळी चांगली फुगली होती, कडेवरूनच कळतं.

पत्राला उत्तर लिहू नकोस, वेळ नसेल तर. पण या पत्राचा फोटो सुलक्षणा आत्ताच पाठवते आहे, कारण पौर्णिमा आजच आहे आणि रोटाचं काही उरवायचं नसतं.

कडसुद्धा खा.

तुझा भाऊ,
प्रेमराज